तेल्हारा : डोंगर, खारं पाणी आणि फिरती कचेरी

मंडळी, वीकेंड आला की इतिहासावर काहीतरी खरडायचं हा नेम आता मोडवत नाही. पण दर वेळी रायगड, पानिपत आणि शनिवारवाडाच कशाला? आज एका तालुक्याची गोष्ट सांगतो. अकोला जिल्ह्यातला तेल्हारा तालुका. पुण्या-मुंबईच्या लोकांना 'तेल्हारा' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "हे नक्की कुठे आलं?" उत्तर सोपं आहे. शेगाव माहीत आहे ना, गजानन महाराजांचं? तिथून ईशान्येला सातपुड्याच्या दिशेने निघायचं, पूर्णा ओलांडायची, आणि डोंगर स्पष्ट दिसायला लागले की तुम्ही तेल्हारा तालुक्यात आहात.

आता तुम्ही म्हणाल, एका तालुक्याचा असा काय मोठा इतिहास असणार? तर ऐका. याच तालुक्यातल्या एका गावाचं नाव इंग्रजांनी चांदीच्या पदकावर कोरलं. हा तालुका कागदोपत्री १९४७ पर्यंत हैदराबादच्या निजामाचा होता, कारभार मात्र नागपूरहून चालायचा, आणि जमीन मोजायची पद्धत मुंबईची! आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असूनही इथल्या अर्ध्या विहिरींचं पाणी समुद्रासारखं खारट. आहे की नाही गंमत?

पण नुसती गंमत सांगून सोडणार नाही. या सगळ्यामागे एक सूत्र आहे, ते आधीच सांगतो. तेल्हाऱ्याचा भूगोल उत्तरेकडून दक्षिणेकडे वाचायचा असतो, म्हणजे डोंगराकडून नदीकडे, पाण्याच्या वाटेने. आणि तेल्हाऱ्याचा कारभार मात्र नेहमी कुठल्यातरी लांबच्या गावाहून, भलत्याच दिशेने वाचला गेला. या दोन वाचनांत जी ओढाताण होते, तोच या तालुक्याचा इतिहास. आणि ती अजून संपलेली नाही.

तर आधी भूगोल.

नकाशा उघडा. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याची रांग, म्हणजे मेळघाट, म्हणजे अमरावती जिल्हा. पूर्वेला अकोट तालुका. पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका. दक्षिणेला पूर्णा नदी. ही पूर्णा तापीची उपनदी, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी. डोंगरातून निघणाऱ्या सगळ्या नद्या-नाले खाली दक्षिणेकडे येऊन तिला मिळतात. त्यातली सगळ्यात मोठी वान. तेल्हारा गावाजवळून गौतमा वाहते, विद्रुपा आहे. बाकीचे नाले पावसाळ्यात दोन तास धो धो वाहतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळूचे पट्टे.

डोंगरातून पाणी खाली आलं की ते आपल्याबरोबर दगडगोटे, वाळू, भरड माती घेऊन येतं. उतार संपला की वेग कमी होतो आणि हा सगळा माल पायथ्याशीच पडतो. त्यामुळे पायथ्याची जमीन चाळणीसारखी आहे. पाणी झिरपतं, खोल जातं, आणि गोडं राहतं. म्हणून हिवरखेड, अडगाव, दानापूर या बाजूला विहिरी खोल पण पाणी चांगलं. केळी, संत्री, पानमळे, पानपिंपळी, जे काही नाजूक आणि पाणीपिसं पीक असेल ते याच पट्ट्यात.

जसजसं दक्षिणेला जावं तसतशी माती बारीक होत जाते. पूर्णेजवळ पोचेपर्यंत ती काळी, चिकट, लोण्यासारखी झालेली असते. आपल्याकडे म्हणतात ना, 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड', ते सोनं म्हणजे ही माती. कापूस हवा तर कापूस, तूर हवी तर तूर. पण याच मातीच्या खाली शेकडो मीटर गाळ साचलेला आहे, उतार जवळजवळ नाहीच, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. क्षार आहेत तिथेच राहिले. हा झाला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला, साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा. तेल्हाऱ्याचा दक्षिण भाग त्यात येतो.

गावात म्हातारी माणसं सांगतात, "इथं पहिले समुद्र होता." ऐकायला छान वाटतं, पण भूशास्त्राचा कल वेगळ्या उत्तराकडे आहे. भूपृष्ठाच्या भेगांमुळे खचलेलं खोलगट खोरं, कोंडलेलं पाणी, आणि कोरड्या हवामानाच्या काळात त्याचं बाष्पीभवन होऊन मागे उरलेले क्षार. म्हणजे समुद्र नाही, तर हजारो वर्षं आटत राहिलेलं पातेलं! परिणाम मात्र समुद्रकाठासारखाच. या खोऱ्यात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत असत, अकोल्याच्या उत्तरेला दहीहांड्याकडे. मिठावर सरकारी मक्तेदारी आली आणि इंग्रजी अमलात हा धंदा बंद पडला. पाणी खारं ते खारंच राहिलं.

हे पाणी पिकाला दिलं तर जमीन कडक होते, चोपण होते. प्यायलं तर... किडनीच्या आजाराच्या तक्रारी या पट्ट्यातल्या गावागावात ऐकायला मिळतात. म्हणजे एकाच तालुक्यात, पाऊण-एक तासाच्या रस्त्यावर, दोन वेगळी जगं. वरच्या माणसाला पाणी उपसून संपेल ही भीती. खालच्या माणसाच्या विहिरीत पाणी आहे, पण ते कामाचं नाही. हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास याच उतारावर घडतो.

आता इतिहास. आणि त्यासाठी शेजारच्या अकोट तालुक्यातल्या एका डोंगरावर चढावं लागेल. नरनाळा!

नरनाळा किल्ला मैदानाच्या डोक्यावर, सातपुड्याच्या कडेला बसलेला आहे. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, त्यावर शिलालेख आहे. बहामनी राज्य फुटत होतं त्या काळातला. त्यानंतर १४९० च्या सुमारास वऱ्हाडात इमादशाही स्वतंत्र झाली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना देऊन टाकावं लागलं. अकबराच्या दफ्तरात वऱ्हाड सुभा आला, त्याचे 'सरकार' पडले (आजच्या भाषेत जिल्हे), आणि प्रत्येक सरकारात परगणे किंवा महाल (आजच्या भाषेत तालुके). आपला हा भाग 'सरकार नरनाळा' मध्ये. म्हणजे तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण अकोला नव्हतं, किल्ला होता. अकोला, बाळापूर, अकोट हे सगळे नरनाळ्याच्या हाताखालचे महाल.

का बरं? कारण सोपं आहे. कर मैदानातून येतो, कापसातून, ज्वारीतून. पण मैदानात लपायला जागा नाही. डोंगरात लपायला जागा आहे, पण पिकत काही नाही. ज्याच्या हातात डोंगराच्या कडेवरचा किल्ला, त्याच्या हातात खालच्या मैदानाचा वसूल. पाण्याच्या वाटेने गाळ खाली येतो आणि त्याच वाटेने धान्य-पैसा वर जातो. मध्ययुगीन कारभाराचा सगळा अल्गोरिदम हा एवढाच!

मोगलांनंतर मामला अजून गुंतागुंतीचा झाला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम-उल-मुल्क दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र झाला. त्याच वेळी नागपूरकर भोसले वऱ्हाडात चौथाई-सरदेशमुखी वसूल करू लागले. शेवटी झालं काय, की एकाच गावातून दोन सरकारं वसूल घेऊ लागली. याला 'दो-अमली' म्हणत. निजामाचा अंमलदार वेगळा, भोसल्यांचा वेगळा, आणि दोघांना तोंड देणारा गावचा पाटील एकच. आमच्या धंद्यात एकाच डेटाबेसवर दोन अ‍ॅप्लिकेशनांनी एकदम लिहायला सुरुवात केली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे लॉक लावायलाही कोणी नव्हतं. परगण्याचे देशमुख-देशपांडे या गोंधळात टिकले, कारण कोणाचंही राज्य असो, हिशोब त्यांच्याकडेच होते.

हा गुंता सुटला तो तेल्हारा तालुक्यातच. म्हणजे सुटला असं म्हणायचं, खरं तर तलवारीने कापला गेला.

तारीख २९ नोव्हेंबर १८०३. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला होता. शिंद्यांनी नोव्हेंबरमध्ये युद्धबंदीचा करार केला. दुसऱ्या रघुजी भोसल्यांचं सैन्य मात्र अजून शाबूत होतं, आणि ते गाविलगड-नरनाळ्याच्या डोंगराचा आधार धरून खालच्या मैदानात उतरलं होतं. सेनापती रघुजींचे भाऊ व्यंकोजी, उर्फ मन्याबापू. जवळच शिंद्यांचं घोडदळही उभं होतं, करार झालेला असताना!

समोर चौतीस वर्षांचा एक इंग्रज जनरल होता, आर्थर वेलस्ली. त्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी त्याला येऊन मिळाली. दिवसभराची चाल झालेली, ऊन कडक, सैन्य थकलेलं. तो मुक्काम टाकायच्या विचारात पाथर्डीला आला. तिथल्या एका बुरुजावर चढून त्याने पाहिलं तर शिरसोलीच्या पलीकडे काहीतरी मोठा जमाव हलताना दिसत होता. पुढे गेल्यावर कळलं की जमाव नाही, ती लढाईसाठी उभी केलेली रांगच आहे. मैलोगणती लांब, मागे अडगाव गाव.

पाथर्डी, शिरसोली, अडगाव. ही नावं इंग्रजी खलित्यांत 'पेटरली', 'सरसूली', 'अर्गाम' अशी येतात, त्यामुळे इतिहास वाचणाऱ्याला ती कुठेतरी परदेशातली वाटतात. प्रत्यक्षात ही आजच्या तेल्हारा तालुक्यातली, एसटीने फिरता येतील अशी गावं आहेत.

दुपार कलत असताना लढाई सुरू झाली. मराठ्यांच्या तोफा धडाडल्या आणि कंपनीच्या काही पलटणी चक्क मागे पळाल्या. यातले शिपाई आसईला धीराने लढले होते. वेलस्ली जवळच होता म्हणून त्याने त्यांना आवरलं, आडोशाला नेऊन पुन्हा उभं केलं, आणि परत पुढे आणलं. नंतर त्याने स्वतःच लिहून ठेवलं की मी तिथे नसतो तर त्या दिवशी हार झाली असती. म्हणजे अडगावची लढाई ही काही आधीच ठरलेली गोष्ट नव्हती. पाच-दहा मिनिटांचा खेळ होता. नंतर मराठ्यांकडच्या अरबी-इराणी पायदळाने निकराचा हल्ला केला, तो मोडला, आणि फळी फुटली. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. कंपनीचे मेलेले-जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. मराठ्यांची हानी याच्या कितीतरी पट. चांदण्यात कित्येक मैल पाठलाग चालला.

याच लढाईत वेलस्लीच्या सोबत एक चोवीस वर्षांचा मुलकी अधिकारी घोड्यावर होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. होय, तोच, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे. आणि वेलस्ली म्हणजे पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८५१ मध्ये जुन्या लढायांतल्या हयात सैनिकांना 'आर्मी ऑफ इंडिया' पदक दिलं गेलं, त्यावर 'अर्गाम' अशी पट्टी असे. इंग्लंडमधल्या पदक जमवणाऱ्यांना आपलं अडगाव माहीत आहे, आपल्याला नाही. असो.

पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख काढून घेऊन इंग्रजांनी आपल्या दोस्ताला, म्हणजे निजामाला दिला. दो-अमली संपली. पण... आणि हा 'पण' मला फार आवडतो... नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांना लागून असलेले चार लाख उत्पन्नाचे परगणे भोसल्यांकडेच राहू दिले. त्या परगण्यांत अकोट होता. आणि अडगावही होता!

जरा विचार करा. ज्या गावासमोर भोसले हरले, तेच गाव तहानंतर भोसल्यांकडे राहिलं. चहूकडे निजामाचा मुलूख आणि मध्ये डोंगराला चिकटलेलं हे नागपूरचं बेट. तहाच्या मसुद्यात नकाशा मैदानातून नाही, किल्ल्यावरून वाचलेला आहे. किल्ला ठेवायचा तर त्याचं पोट भरणारा पायथा पण ठेवावा लागतो. म्हणजे इथे पुन्हा तोच उतार, तोच अल्गोरिदम. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला, तेव्हा हे किल्ले आणि परगणेही गेले. १८२२ च्या तहाने वर्धा नदी ही सरळ सीमा ठरली : अलीकडे निजाम, पलीकडे भोसले. अडगावच्या शेतकऱ्याने वीस वर्षांत न हलता तीन राजवटी पाहिल्या. दो-अमली, मग नागपूर, मग हैदराबाद.

हैदराबादचा कारभारही काही सुखाचा नव्हता. वसुलाचे मक्ते दिले जात, मक्तेदार आपला पैसा वसूल करून घेई. इंग्रजांच्या 'कंटिन्जंट' फौजेचा खर्च निजामावर लादलेला, तो थकत गेला. शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. विकलं नाही हं, हवाली केलं. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, उत्पन्नातून फौजेचा खर्च. 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं लांबलचक नाव.

याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी झालं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. आता गंमत बघा. रेल्वे गेली पश्चिमेकडून पूर्वेकडे, पूर्णेच्या दक्षिणेने : मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. नरनाळा एका झटक्यात निकामी झाला. आता डोंगराच्या कडेला महत्त्व नाही, रुळाच्या कडेला. जिल्ह्याचं ठिकाण अकोला. तेल्हाऱ्याचा कापूस बैलगाड्यांवर लादून पूर्णा ओलांडून रुळापर्यंत न्यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुतली म्हणजे काय होतं हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

जमिनीचा कायदा मात्र मुंबई इलाख्याच्या धर्तीवर, रयतवारी. शेतकऱ्याच्या नावावर जमीन, मोजणी, सर्व्हे नंबर, तीस-तीस वर्षांचा बंदोबस्त. पलीकडे नागपुरात मालगुजारी होती, म्हणजे मध्ये मालगुजार. वऱ्हाडचा शेतकरी थेट सरकारचा खातेदार. हा फरक लहान वाटतो, पण कापसाच्या पैशातून वऱ्हाडात जो सुखवस्तू शेतकरी-पाटील वर्ग उभा राहिला त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. आणि सावकाराकडे गहाण पडायला जमीन स्वतःच्या नावावर असावी लागते, हेही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

मग १९०२. लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. १९०५ मध्ये सहाचे चार जिल्हे झाले : एलिचपूर अमरावतीत गेला, वाशीम अकोल्यात. १९३६ मध्ये 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असं नाव आणि निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब. म्हणून सुरुवातीला म्हटलं तसं, कागदावर राजा हैदराबादचा, कारभार नागपूरचा, जमिनीचा कायदा मुंबईच्या वळणाचा. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० ला महाराष्ट्र. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नवीन प्रोग्रॅमर आधीच्याच्या कोडवर आपला पॅच चढवून जातो आणि मूळ फाइल कोणी उघडत नाही, तसं हे सगळं.

या सगळ्या पॅचमध्ये तेल्हारा कुठे होतं? अकोट तालुक्यात, एक मोठं बाजाराचं गाव म्हणून. १९७७ मध्ये अकोला जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं, त्या वेळेपर्यंत जिल्ह्यात सहाच तालुके दिसतात : अकोला, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, वाशीम, मंगरूळपीर. तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळी वगैरे तालुके त्यानंतरचे. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि उरलेल्या अकोल्यात सात तालुके राहिले. तेल्हारा त्यातला एक. विधानसभेला मात्र आजही अकोट आणि तेल्हारा मिळून एकच मतदारसंघ आहे, नाव अकोट.

तालुका होणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. तहसील कचेरी, पंचायत समिती, सरकारी दवाखाना, कोर्ट. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, फेरफारासाठी, पीक विम्याच्या तक्रारीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून अकोटला जायचं की नाही, एवढा साधा फरक. चारशे वर्षं कचेरी नरनाळा, हैदराबाद, नागपूर, अकोला, अकोट अशी फिरत होती. ती गावात आली तेव्हा पहिल्यांदा कारभार भूगोलाच्या जवळ आला. हिवरखेडसारख्या मोठ्या गावाने नगरपरिषदेसाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि अलीकडे ती मिळवली, त्यामागेही हीच भूक आहे.

रेल्वेची कहाणी मात्र उलटी झाली. स्वातंत्र्यानंतर अकोला-खंडवा मीटर गेज लाइन झाली. अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड आणि मग सातपुड्यात धूळघाटचा तो प्रसिद्ध वेढा, ज्याला लोक 'चारचा आकडा' म्हणत. पहिल्यांदाच रूळ पाण्याच्या वाटेने, दक्षिणोत्तर, टाकले गेले. गेज बदलायचं म्हणून २०१७ च्या सुरुवातीला ती लाइन बंद झाली. २०२२ मध्ये अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. त्यापुढचा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो, म्हणून तो वाघांच्या जंगलाबाहेरून वळवायचं ठरलं. वाघाचं बरोबरच आहे, त्यात दुमत नाही. पण रेल्वेच्या दृष्टीने तेल्हारा पुन्हा १८६७ ला येऊन थांबला, हेही खरं.

आणि आता मुद्द्याचं. वान.

वान नदी सातपुड्यातून मैदानात उतरते तिथे वारी भैरवगड आहे. वारीचा हनुमान सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्याच ठिकाणी वान प्रकल्प आहे, जलाशयाचं नाव हनुमान सागर. साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर. मागे मेळघाटचं जंगल असल्यामुळे पाणी स्वच्छ आणि धरण बहुधा भरतं. मूळ हेतू सिंचनाचा. पण गोडं पाणी असलेलं धरण, आणि खाली साडेचार हजार चौरस किलोमीटर खारं पाणी. मग काय होणार? एकेक करत पिण्याच्या पाण्याची आरक्षणं वाढत गेली. तेल्हारा, अकोट, शेगाव, जळगाव जामोद, ८४ खेडी योजना. मग अकोला शहरासाठी. मग बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांसाठी.

तेल्हाऱ्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं : धरण आमच्या डोक्यावर बांधलं, शेतीच्या पाण्यासाठी बांधलं, आणि आता कालव्यात पाणी कमी पडणार. बाळापूरच्या गावांचं म्हणणं : आम्हाला शेतीला नको, प्यायला द्या, खारं पाणी पिऊन आमची पोरं आजारी पडतात. आता सांगा, चूक कोणाची? शहरात नळ सोडून बसणाऱ्या माणसाने यात निकाल देऊ नये असं माझं मत आहे. दोघंही खरं बोलतायत, हीच तर अडचण आहे. आणि एक तिसराही आहे. मेळघाटातून उठवून या मैदानात वसवलेली आदिवासी गावं. ज्या जंगलामुळे वानचं पाणी गोडं आहे ते जंगल राखण्यासाठी ही माणसं खाली आली. जमीन-पाण्याची आश्वासनं नीट पाळली नाहीत म्हणून त्यातली काही परत डोंगरात गेली होती, २०१९ मध्ये त्यावरून मोठा संघर्षही झाला. पाणीवाटपाच्या बैठकीत त्यांचं नाव कोणत्या रकान्यात येतं?

इतिहास वाचून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, पण प्रश्न नीट मांडता येतो. सरकार नरनाळा असताना किल्ल्याने पायथ्याचा वसूल घेतला. तह लिहिताना किल्ल्यासोबत पायथा बांधून दिला. रेल्वेच्या काळात रुळाने कापूस ओढला. प्रत्येक वेळी या उतारावरची सगळ्यात मौल्यवान वस्तू कुठली ते लांबच्या कोणीतरी ठरवलं आणि ती आपल्याकडे वळवली. आज ती वस्तू पाणी आहे. फरक इतकाच की आता मतदान आहे, तहसील आहे, ग्रामसभा आहे. दोन-अमलीच्या काळातल्या पाटलाकडे यातलं काहीच नव्हतं.

मला वाटतं, वानचं पाणी वाटायचं तर 'हा तालुका विरुद्ध तो तालुका' असं न वाटता खोरं म्हणून वाटलं पाहिजे. वरच्या पट्ट्यात विहिरींचं पुनर्भरण, कारण तिथली चाळणी पाणी गोडं ठेवते. खालच्या पट्ट्यात आधी पिण्याचं पाणी, आणि शेतीसाठी पावसाचं पाणी धरून ठेवणारी शेततळी, कारण तिथे जमिनीतलं पाणी उपसून उपयोग नाही. हे मी काही नवीन सांगत नाही, खारपाणपट्ट्यातले शेतकरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली मंडळी हे वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. अडचण अशी की खोरं म्हणून निर्णय घेणारी कचेरीच नाही. जिल्हे आहेत, तालुके आहेत, मतदारसंघ आहेत. नदीला मात्र तहसीलदार नाही.

सीमा आपण बदलू शकतो, वीस वर्षांत दोनदा बदलून दाखवल्या आहेत. पाण्याचा उतार बदलता येत नाही. तेव्हा जुळवून घ्यायचं कोणी, हे उघड आहे.

कधी शेगावला गेलात तर एक दिवस जास्त काढा. अडगाव-शिरसोलीच्या रस्त्यावर थांबून उत्तरेकडे बघा, डोंगर दिसेल. दक्षिणेकडे बघा, सपाट काळं रान दिसेल. मग कोणाच्या तरी विहिरीचं पाणी मागून प्या. गोडं लागलं की खारं, त्यावरून तुम्ही उतारावर कुठे उभे आहात ते आपोआप कळेल. नकाशा लागणार नाही.